जुन्या तक्त्याचा वाचक

बेसिनवरच्या आरशात बघून मी टिकली लावली, मंगळसूत्र कुडत्याच्या बाहेर काढलं आणि चहाचा कप घेऊन अप्पांच्या खोलीत गेले.

“शर्वरी का गं?”

“हो अप्पा. चहा आणलाय.”

“उन्मेषचा फोन?”

“रविवारी येईल. थंडी फार आहे म्हणे तिकडे. काल ट्राम बंद पडली, तर चालत गेला ऑफिसला.”

“चालत? बरं झालं. पोट सुटत चाललं होतं त्याचं.”

मी हसले. हसायला मला जमायचं. त्यांनी चहा पिऊन कप परत दिला, मी बाहेर आले आणि टिकली काढून पुन्हा आरशाच्या कडेला चिकटवून ठेवली. चिकटपणा जाईपर्यंत एकच टिकली पुरायची.

उन्मेष माझा नवरा. अप्पा त्याचे आजोबा. उन्मेषला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि ही गोष्ट घरात अप्पा सोडून सगळ्यांना माहीत होती.

तो गेला तेव्हा अप्पा हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, आत्ता यांना काही कळू देऊ नका. उन्मेष कंपनीतर्फे जर्मनीला जायचाच होता. व्हिसा आला होता, बॅगा माळ्यावरून खाली काढल्या होत्या. खोटं आयतं तयार होतं, आम्ही ते नुसतं उचललं. अप्पा घरी आल्यावर त्यांना सांगितलं की तिकीट अचानक आलं, भेटायला वेळच मिळाला नाही. ते “बरं” म्हणाले. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, हे तिथे माणसाच्या हाडात मुरतं. प्रश्न विचारणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. एका डोळ्याने त्यांना जवळचं तेवढं दिसायचं, आणि आम्हाला भीती होती ती तेवढ्याचीच.

दर रविवारी माझा दीर श्रेयस गच्चीवर जाऊन घरातल्या फोनवर फोन करायचा आणि उन्मेष म्हणून त्यांच्याशी बोलायचा. दोघा भावांचा आवाज सारखा होता. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा तो कठड्याला टेकून म्युनिकच्या बाजारातल्या भाज्यांची वर्णनं करत होता. मी उरलेले कपडे तसेच बादलीत घेऊन खाली आले.

त्या दिवशी सकाळी मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर माझ्या सासूबाई आणि श्रेयस टेबलाशी हळू आवाजात भांडत होते. आमच्या घरात सगळी भांडणं हळू आवाजात चालायची.

“वर्षश्राद्ध घरात करायचं नाही, तर कुठे करायचं?” श्रेयस विचारत होता.

“इंदिरानगरला, माझ्या बहिणीकडे. गुरुजींना सांगितलंय मी.”

“आपल्या माणसाचं श्राद्ध आपण मावशीकडे जाऊन चोरून करायचं? आई, अप्पांना सांगून टाक आता. व्हायचं ते होईल.”

“व्हायचं ते म्हणजे काय रे? डॉक्टर काय म्हणाले होते?”

“आत्ता सांगू नका म्हणाले होते. त्या ‘आत्ता’ला वर्ष झालं.”

“आणि सांगताना वर्षभर खोटं बोलत होतो हेही सांगू?” आई म्हणाल्या. “मोठा मुलगा गेला. अप्पा माझ्या तोंडच्या शब्दाने जायला नकोत.”

श्रेयस माझ्याकडे वळला. “वहिनी, तू बोल. नवरा तुझा होता.”

“मला ऑफिसला उशीर होतोय,” मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. श्रेयसचं मला पटायचं आणि आईंचंही पटायचं, म्हणजे खरं तर काहीच पटत नव्हतं आणि काहीच खुपत नव्हतं. वर्षभरात मी रडले नव्हते. आमच्या गल्लीतल्या बायकांपैकी निम्म्या म्हणायच्या फार खंबीर आहे, उरलेल्या म्हणायच्या दगड आहे. रडायला बसणार तरी कुठे? अप्पांच्या खोलीत उन्मेष जिवंत होता आणि दिवसातून चार वेळा मी तिथे जात होते. बाहेर आल्यावर तो गेलेला असायचा. या दारातून ये-जा करणाऱ्या बाईला काही वाटून घ्यायला सवड नव्हती, आणि पुढे पुढे वाटणंच बंद झालं. पाय खूप वेळ दुमडून बसलं की तो आपला वाटेनासा होतो, तशी मी मलाच वाटेनाशी झाले होते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. टेलिफोन कंपन्यांसाठी आम्ही एक यंत्र करत होतो. कोणता कॉल कोणत्या मार्गाने न्यायचा याचा एक मोठा तक्ता त्यात असायचा. यंत्रातला प्रोग्राम एकाच वेळी अनेक धाग्यांनी, म्हणजे समांतर चालणाऱ्या छोट्या कामकऱ्यांनी चालायचा, आणि प्रत्येक धागा कॉल आला की तक्ता वाचून त्याला वाट दाखवायचा. अधूनमधून तक्ता बदलावा लागे. बदलताना त्याला कुलूप लावलं तर सगळे वाचणारे खोळंबतात आणि फोन अडकतात. म्हणून आम्ही आरसीयू नावाची तयार लायब्ररी वापरली होती.

तिची रीत साधी आहे. जुन्या तक्त्याला हात लावायचा नाही. त्याची नक्कल करायची, नकलेत बदल करायचे, आणि मग पाटी फिरवायची की यापुढे येईल त्याने हा नवा तक्ता वाचावा. जुना मात्र लगेच पुसायचा नाही, कारण कोणीतरी अजून तो वाचत असू शकतो. प्रत्येक वाचणारा धागा मधूनमधून “माझ्या हातात आता काही नाही” असं कळवतो. सगळ्यांनी एकदा तसं कळवलं की मग जुना तक्ता पुसायचा. वाचणाऱ्याला कोणी अडवत नाही, थांबायचं ते बदलणाऱ्याने.

आमचं यंत्र एक-दोन दिवस झकास चालायचं आणि मग नवे बदल घेणं बंद करायचं. बदलणारा धागा थांबून राहायचा. सगळ्या वाचणाऱ्यांनी कळवलेलं असायचं, एक सोडून. तो एक वाचणारा काही केल्या “झालं” म्हणत नव्हता. आम्ही त्याला म्हातारा म्हणायला लागलो होतो.

मी पोचले तेव्हा आमचे मुख्य, कुलथे सर, माझ्या सहकाऱ्याच्या, जुबेरच्या टेबलाशी उभे होते.

“वाट तरी किती बघायची?” ते म्हणत होते. “मुदत घाला. तेवढ्यात म्हातारा बोलला नाही, तर जुना तक्ता पुसून मोकळे व्हा.”

“आणि तो खरंच वाचत असला तर?” जुबेर म्हणाला. “वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक ओढायचं का सर? सगळं मशीन आडवं होईल.”

“मग दुसरा उपाय सांग.”

“वाट बघायची.”

“वाट बघूनच तर अडकलोय ना, बाबा,” असं म्हणून सर गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वर्षभर ऑफिसात सगळे माझ्या बाजूने असे जपून जायचे, जणू मी नुकतीच पुसलेली फरशी होते.

हे भांडण आज मी एकदा ऐकून आले होते. तिथे उशीर होतोय म्हणून निसटले. इथे निसटायला जागा नव्हती, म्हणून खुर्ची ओढून जुबेरशेजारी बसले.

“म्हातारा वाचतोय काय, ते बघितलंस?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“तक्ता वाचायला पापणी लवण्याइतका वेळही लागत नाही. आणि हा कालपासून वाचतोय. एवढं काय वाचतोय?”

जुबेरने पडद्याकडे पाहिलं. “तो अडकलाय एवढंच धरलं होतं आपण,” तो म्हणाला. “कुठे, ते नाही पाहिलं.”

अडकलेलं यंत्र तसंच ठेवून आम्ही एकेक धागा कुठे उभा आहे ते पडद्यावर बघत गेलो. बाकीचे आपापल्या जागी होते. म्हातारा तक्त्यापाशी नव्हताच. तो हिशेबाच्या नोंदींपाशी उभा होता. झालेल्या कॉलची नोंद तिथे करायची असते, आणि त्या नोंदींना साधं कुलूप होतं. म्हातारा त्या कुलपाशी किल्लीची वाट बघत होता.

“किल्ली कोणाकडे आहे?” मी विचारलं.

जुबेरने दोन-चार ठिकाणी बघितलं. मग खुर्ची मागे ढकलून तो डोक्यामागे हात बांधून बसला. “बदलणाऱ्याकडे,” तो म्हणाला. “ती हातात धरूनच तो म्हाताऱ्याची वाट बघतोय. हा त्याची बघतोय, तो ह्याची बघतोय. मॅडम, म्हाताऱ्याच्या हातात काही नाही. तो कधीचा मोकळा आहे. जुना तक्ता त्याने कधीच टाकलाय. फक्त बोलला नाही.”

“का बोलला नाही?”

“कुठे वाट बघत उभं राहायचं असेल तर आधी ‘मला वाचणाऱ्यांत धरू नका’ म्हणून जायचं, हा नियम आहे ना या लायब्ररीचा. तो पाळायचा तर आपण तसं लिहायला पाहिजे. आपण लिहिलंच नाही.” तो स्वतःवरच चिडला होता. “नाव वाचणारा ठेवलं, म्हणून तो वाचतोयच असं समजून बसलो. एकदा जाऊन विचारायचं, तर ते नाही.”

दुरुस्ती एका ओळीची होती. जुबेरने ती घातली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पडद्यावर आकडे सरकायला लागले. बदल गेला, जुना तक्ता पुसला गेला, दुसरा बदल गेला.

मी बसून राहिले. काही आनंद वगैरे झाला नाही. फक्त हाताचे तळवे गार पडले होते, ते मी मांडीखाली घेतले.

“मी घरी जाते,” मी म्हणाले.

“आत्ता? चाचणी तर आत्ता लावलीय.”

“तू बघशील.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “जा,” तो म्हणाला. “बघतो मी.”

घरी पोचले तेव्हा दुपारची निजानीज होती. आई त्यांच्या खोलीत पडल्या होत्या. मी आरशापाशी न थांबता सरळ अप्पांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. ते जागे होते, छताकडे बघत होते. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची जवळ होती. टिकली नाही हे त्यांना दिसलं असणार.

“अप्पा,” मी म्हणाले, “एक विचारू? उन्मेष कुठे आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?”

हे विचारताना मला त्यांच्या हृदयाची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी त्यांच्या छातीकडे बघत होते आणि ती नेहमीसारखी वरखाली होत होती.

“हो,” अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “दार लोटून घे. तुझी सासू उठेल.”

मी दार लोटलं. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगतंय कोण? दवाखान्यातून घरी आलो, तर देवघरात घंटा नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. भिंतीपलीकडे देवघर, मी काय बहिरा आहे? घरात सुतक आहे हे मला तेव्हाच कळलं. मग कोणाचं, एवढंच राहिलं. तुझ्या सासूचा आवाज येत होता, श्रेयसचा येत होता, तुझा येत होता. ज्याचा येत नव्हता तो एकच.”

मी भिंतीकडे पाहिलं.

“आणि तो श्रेयस,” ते म्हणाले. “त्याला वाटतं, हुबेहूब बोलतो. उन्मेष माझ्याशी फोनवर कधी बोललाय? ‘अप्पा बरे आहात ना, ठेवतो.’ संपलं. हा बापडा अर्धा अर्धा तास बोलत बसतो. भाज्यांचे भाव सांगतो.”

“मग तुम्ही बोललात का नाही?”

“काय बोलू? तुझ्या सासूच्या मनात बसलंय, मला माहीत नाही म्हणून मी जिवंत आहे. नवरा गेला तिचा, मुलगा गेला. तिला एवढं तरी सांभाळल्यासारखं वाटू दे, म्हटलं. श्रेयस एरवी माझ्याकडे फिरकत नव्हता, तो आठवड्याला बोलायला लागला.” ते थांबले. “आणि तू. तू इथे येऊन त्याच्या गोष्टी सांगायचीस. बर्फ पडलं, ट्राम बंद पडली. मला वाटायचं, पोरीला ते सांगायला बरं वाटतंय. नाहीतर ती कोणापाशी सांगणार?”

“मला बरं नव्हतं वाटत, अप्पा. मी तुमच्यासाठी सांगत होते.”

“अस्सं,” अप्पा म्हणाले. त्यांनी चादरीची कड दोन बोटांत धरून सरळ केली. “मी तुझ्यासाठी ऐकत होतो.”

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“पाणी दिलं मी त्याला,” अप्पा म्हणाले. “अंदाजाने दहावा दिवस धरला. आंघोळीच्या खुर्चीवर बसून दिलं. तीळ कोणाकडे मागणार? आदल्या रात्रीची भाताची चार शितं ठेवली होती. मुलाला दिलं तेव्हा सगळं यथासांग होतं, गंगेवर गेलो होतो. नातवाला शितांवर भागवलं. तो समजून घेईल.”

माझे हात अजून गारच होते. अप्पांनी कोपर टेकवत अर्धवट उठायचा प्रयत्न केला, मी पाठीशी उशी दिली.

“आता एक सांग,” ते म्हणाले. “त्याला झालं काय होतं? बाकी सगळं मी जुळवलं. हे काही जुळेना.”

वर्षभरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. विचारतील अशी जवळची माणसं त्या दिवशी तिथेच होती, आणि लांबच्यांना इतरांनी सांगितलं होतं. त्याचं उत्तर माझ्या तोंडून एकदाही गेलेलं नव्हतं, म्हणून कुठून सुरू करायचं ते मला कळेना.

“बॅडमिंटनला गेला होता,” मी म्हणाले. “सकाळी. मला उठवलं नाही. उपाशीच गेला.”

“बरं.”

“एक गेम झाला. दुसऱ्याला सर्व्हिस करायला उभा राहिला आणि खाली बसला. मित्रांना वाटलं, लेस बांधतोय. ते थांबले त्याच्यासाठी.”

“बरं. मग?”

“मला फोन आला. मी गेले तेव्हा त्याला बाकावर झोपवलं होतं. बाक आखूड होता, पाय बाहेर येत होते. डॉक्टर येईपर्यंत मी पाय धरून उभी राहिले.”

“गार पडले होते?”

“नाही,” मी म्हणाले. “घामाने ओले होते. मोजे घातलेले. गरम होते, अप्पा.”

एवढं बोलले आणि पुढचं येईना. आधी मला वाटलं खोकला आला. मग कळलं, हे रडणं आहे. बधिर पायात रक्त परत आलं की मुंग्यांनी जीव नकोसा होतो, तसं मला सगळीकडून दुखायला लागलं. अप्पांनी मला जवळ घेतलं नाही की गप्प बस म्हटलं नाही. ते बसून राहिले. मी जरा थांबले की “मग?” म्हणायचे, आणि मी पुढचं सांगायची. अ‍ॅम्ब्युलन्स, दवाखाना, त्याच्या खिशातला मोबाईल, घाट, सगळं सांगितलं.

सांगून झालं तेव्हा दार उघडं होतं आणि आई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोणास ठाऊक. त्यांचा एक हात चौकटीवर होता. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“परत एकदा सांग गं,” ते मला म्हणाले. “घरातून निघाला तिथपासून.”

“सकाळी लवकर निघाला,” मी म्हणाले. “मला उठवलं नाही. काही न खाता—”

“उपाशी नव्हता गेला,” आई म्हणाल्या. त्या आत आल्या आणि अप्पांच्या पायाशी पलंगावर बसल्या. “केळं खाल्लं होतं त्याने. मी दिलं होतं सोलून.”